स्टारबक ‘आलो’ म्हणत नाही, ‘आले’ म्हणते

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
आपली स्ट्रीमिंग सेवा

विषय: ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही जुनी मालिका आणि तिचा नवा अवतार, या दोन्हींची आपल्या ॲपवर झालेली मोडतोड, आणि मराठी सबटायटल्स

महोदय / महोदया,

या विषयावरची ही माझी तिसरी तक्रार. आधीच्या दोन आपल्या चॅटवर केल्या होत्या. पहिल्या वेळी मला ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितले, दुसऱ्या वेळी टीव्ही बंद करून चालू करायला. मी दोन्ही केले. गॅलॅक्टिका या अंतराळजहाजाचे प्रमुख कमांडर ॲडामा, त्यांचे अर्धे कपाळ काही परत आले नाही. म्हणून हे पत्र. लांब झाले आहे, पण दोन्ही मालिका मिळून शंभरच्या आसपास भाग होतात आणि ते सगळे मी पाहिले आहेत, तेव्हा तेवढा हक्क मला असावा.

कपाळापासूनच सुरुवात करते. १९७८ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीवर आलेली मूळ मालिका त्या वेळच्या टीव्हीच्या मापाने, म्हणजे ४:३ च्या चौकटीत, दाखवण्यासाठी बनवली होती. आजच्या रुंद पडद्यावर ती लावली की डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे येतात. ते यायलाच हवेत. आपण मात्र पडदा भरावा म्हणून चित्र वरून आणि खालून छाटले आहे. ४:३ चे चित्र असे १६:९ मध्ये बसवले की उंचीचा बरोबर पाव हिस्सा जातो. त्या पाव हिश्शात काय काय गेले ते ऐका. ॲडामा झालेल्या लॉर्न ग्रीन यांचे पांढरेशुभ्र केस गेले. सायलॉन, म्हणजे माणसांच्या जिवावर उठलेले यंत्रशिपाई, त्यांच्या शिरस्त्राणांचे माथे गेले. छोट्या बॉक्सीच्या पायाशी घोटाळणारा मफिट नावाचा यांत्रिक कुत्रा कित्येक दृश्यांत दिसतच नाही, त्यामुळे पोरगा जमिनीशी गप्पा मारतो आहे असे वाटते. त्या कुत्र्याच्या पोशाखात चिंपांझी असायचा. लहानपणी हे माहीत नव्हते. आता कळल्यावर त्या जिवाची दया येते, आणि एवढे सोसून शेवटी आपण त्याला चौकटीबाहेर काढलेत याचा संताप येतो.

‘बहुतेक ग्राहकांना भरलेला पडदा आवडतो’ असे आपल्या प्रतिनिधीने लिहिले होते. मी वर्गणी भरते ती चित्रासाठी. काच भरून दाखवण्यासाठी नाही.

एक गैरसमज व्हायला नको. जुनी मालिका सोन्याची आहे आणि नव्याने तिचे वाटोळे केले, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. इतक्या वर्षांनी जुनी पाहताना मी अनेकदा हसले. व्हायपर विमानांची तीच ती वळणे, तेच ते स्फोट, दर लढाईत फिरून फिरून तेच. मिनिट-सेकंदांऐवजी ‘सेंटॉन’ आणि ‘मायक्रॉन’. अधूनमधून एखाद्या ग्रहावर सरळ काउबॉयपटच सुरू. सगळ्यात खटकले ते पहिल्याच कथेत. बारा वसाहती बेचिराख होतात, मानवजातीचे उरलेसुरले लोक दोनशे वीस जहाजांत कोंबून पळतात, आणि त्याच कथेत, अश्रू सुकायच्या आत, मंडळी कॅरिलॉन नावाच्या ग्रहावर जुगाराच्या अड्ड्यात मजेत बसलेली! लहानपणी हे कसे खटकले नाही कोण जाणे. बहुधा आमचे सगळे लक्ष सायलॉनच्या त्या डावी-उजवीकडे सरकणाऱ्या लाल डोळ्याकडे होते.

पण हे दोष माझे मला दिसू देत. कापलेल्या चित्रामुळे जुनी मालिका आहे त्याहून बावळट दिसते, आणि नवी बघायला बसलेली पोरे तिला हसून सोडून देतात.

आता जुन्या मालिकेचा शेवट. ‘द हँड ऑफ गॉड’ हा अखेरचा भाग २९ एप्रिल १९७९ रोजी दाखवला गेला. अख्खी मालिका पृथ्वीच्या शोधात गेलेली. शेवटी अपोलो आणि स्टारबक हे दोघे वैमानिक जहाजाच्या माथ्यावरच्या घुमटातून निघून जातात, आणि त्या रिकाम्या खोलीतल्या पडद्यावर एक अंधुक प्रक्षेपण उमटते: माणूस चंद्रावर उतरतो आहे, १९६९ची ती अपोलो मोहीम. पृथ्वी सापडली आहे, आणि बघायला खोलीत कोणीच नाही. लहानपणी हे दृश्य पाहून आम्ही टीव्हीला ओरडून सांगत होतो, ‘अरे, मागे वळा!’

आपल्या ॲपवर नेमके हे दृश्य सुरू व्हायच्या आधी चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते आणि ‘पुढील भाग ५ सेकंदांत’ अशी पाटी येते. जहाजावर ते कोणी पाहिले नाही, आता घरात बसूनही कोणी पाहायचे नाही, अशी सोय आपण केली आहे. आणि तो पुढील भाग कोणता, तर ‘गॅलॅक्टिका १९८०’चा पहिला, ‘पर्व दुसरे’ अशा शिक्क्यासह. ती वेगळी मालिका आहे, दहा भागांची. तिला दुसरे पर्व म्हणणे हा पहिल्यावर अन्याय आहे. स्टारबकवरचा शेवटचा भाग तेवढा बरा आहे. बाकीच्यांबद्दल मी गप्प बसते.

नव्या मालिकेकडे वळते. रोनाल्ड मूर यांनी नव्याने लिहिलेली ही कथा डिसेंबर २००३मध्ये दोन रात्रींच्या लघुमालिकेने सुरू झाली. आपल्या ॲपवर ती लघुमालिका नाहीच. नवी मालिका थेट ‘३३’ या भागाने सुरू होते. तो भाग अप्रतिम आहे, त्याला विज्ञानकथांसाठीचा २००५चा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. पण त्यात दर तेहतीस मिनिटांनी सायलॉन येऊन धडकतात, माणसे पाच दिवस झोपलेली नाहीत, आणि कोण कोणाचे कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याचे गृहीत धरले आहे. माझ्या भाचीने सुरुवात इथून केली. वीस मिनिटांनी ती म्हणाली, ‘मावशी, मी मधूनच लावलं का गं?’ नाही बाळा, कंपनीने मधून लावले.

त्या लघुमालिकेत काय आहे, तर सगळे आहे. सायलॉन या वेळी परक्या सरपटणाऱ्या प्राण्यांनी बनवलेले नाहीत, माणसाने बनवलेले आहेत. गॅलॅक्टिका हे निवृत्त होऊन संग्रहालय व्हायच्या बेतात असलेले जुनाट जहाज आहे, आणि ॲडामा (या वेळी एडवर्ड जेम्स ओल्मोस) त्यावरचे संगणक एकमेकांना जोडू देत नाही, म्हणूनच ते वाचते. त्या संग्रहालयात प्रदर्शनाला एक जुना सायलॉन शिपाई ठेवलेला आहे, हुबेहूब १९७८चा. मी तिथे थांबवून पाच मिनिटे नुसती बघत बसले (लघुमालिका मला दुसरीकडून डिस्कवर मिळवावी लागली, हेही नोंदवून ठेवा). आणि जुन्याने जी गोष्ट जुगाराच्या अड्ड्यावर उडवून लावली, तिथेच नवी मालिका पाय रोवून उभी राहते. इथे मेलेल्यांचे सुतक पाळले जाते. राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉझलिन फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहून ठेवते. ‘३३’च्या शेवटी एक मूल जन्मते आणि ती त्या आकड्यात एक मिळवते. इतकेच. मी रडले.

पुढच्या पर्वांत हा आकडा शीर्षकाच्या वेळी पडद्यावर येतो आणि भागागणिक बदलतो. आपले ॲप शीर्षक आपोआप वगळते. ती सोय बंद करायचे बटण मला सापडलेले नाही.

कलाकारांच्या यादीत रिचर्ड हॅच यांचे नाव आपण नव्या मालिकेतही ‘अपोलो’ म्हणून दिले आहे. नवा अपोलो जेमी बॅम्बर. हॅच हे जुने अपोलो. मूळ मालिका पुढे चालू व्हावी म्हणून त्यांनी अनेक वर्षे धडपड केली, नव्या अवताराला आधी विरोध केला, आणि मग त्याच नव्या मालिकेत टॉम झॅरेक हा कैदी-राजकारणी इतका झकास वठवला की बस. एवढा मोठा मनुष्य, एवढी मोठी कोलांटी, आणि यादीत त्याचा पत्ता नाही. तसेच भागांच्या यादीतली चित्रे बदला. माणसांत लपलेले सायलॉन कोण, यावर चार पर्वे उभी आहेत, आणि आपण एका भागाच्या चित्रात सरळ उत्तर छापले आहे. कोणाचे ते इथे लिहीत नाही. आपल्या कार्यालयात कोणी अजून पाहिली नसेल.

आता सबटायटल्स.

नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात चक्क गायत्री मंत्राचे शब्द गायले आहेत. ‘तत्सवितुर्वरेण्यं’ स्वच्छ ऐकू येते. आपले मराठी सबटायटल त्यावर म्हणते: ‘(अगम्य भाषेत गायन)’. हे मराठीत लिहिताना कोणाच्या हाताला जरा अडखळायला झाले नाही? हात नसावाच, यंत्र असावे. कारण पुढे ‘व्हायपर’ या विमानांचे भाषांतर ‘घोणस’ केले आहे. अंतराळयुद्ध ऐन रंगात, आणि कमांडर गरजतो, ‘सगळ्या घोणशी सोडा!’ ‘सायलॉन’चे काही भागांत ‘सिलोन’ झाले आहे. नंबर सिक्स ही स्त्री पडद्यावर उभी असताना खाली ‘सहावा क्रमांक हसला’ असे येते. हे सगळे मी हसून सोडले असते.

पण स्टारबकचे सोडणार नाही.

लहानपणी माझा थोरला भाऊ आणि मी ही मालिका व्हिडिओ कॅसेटवर पाहून खेळायचो. दादा नेहमी स्टारबक. मी नेहमी सायलॉन: डोक्यावर पातेले, हातात लाल कागद लावलेली बॅटरी, आणि मरायचे. मला स्टारबक व्हायचे होते. ‘मुलगी स्टारबक नसते,’ दादा म्हणायचा. मी ‘लॉस्ट प्लॅनेट ऑफ द गॉड्स’ची साक्ष काढायचे. त्या कथेत वैमानिक आजारी पडतात आणि शटल चालवणाऱ्या बायका व्हायपर उडवायला शिकतात. दादा म्हणायचा, ‘ते तेवढ्यापुरतं.’ आणि पातेले पुन्हा माझ्या डोक्यावर.

मग नव्या मालिकेत स्टारबक बाई झाली. कारा थ्रेस, भूमिकेत केटी सॅकहॉफ. दादा भडकला. त्याला साथही मिळाली: जुने स्टारबक डर्क बेनेडिक्ट यांनी स्वतःच या बदलावर कडक टीका करणारा लेख लिहिला होता. खरे सांगते, मलाही तेव्हा आनंद झाला नाही. जे पद मी वर्षानुवर्षे मागितले ते कोणा तिसरीलाच परस्पर मिळाले, असे काहीसे वाटले. म्हणून इतकी वर्षे मी ती पाहिलीच नाही. आता पाहिली. ती पत्ते खेळते, चिरूट ओढते, वरिष्ठाला ठोसा मारून कोठडीत जाते (हेही त्या गायब लघुमालिकेतच), आणि जुन्या स्टारबककडे कधीच नव्हते असे काहीतरी तिच्यात सतत दुखत असते. पाच भागांत मी तिची झाले.

आणि आपल्या सबटायटल्समध्ये ती म्हणते, ‘मी आलो, सर.’ ‘मी थकलो नाही.’ ‘मी मागे राहिलो.’ इंग्रजीत ‘मी’ म्हणणाऱ्याच्या क्रियापदावरून बाई की पुरुष हे कळत नाही. मराठीत कळते. कोणाला तरी ठरवावे लागते. या मालिकेत बाई अधिकाऱ्यांनाही ‘सर’ म्हणतात, तेव्हा यंत्राने वैमानिक, चिरूट आणि ‘सर’ अशी बेरीज करून ठरवून टाकले. एका भागात मी मोजले: सतरा वेळा.

परवा दादाचा फोन आला. त्यानेही आपल्याच ॲपवर नवी मालिका सुरू केली आहे. म्हणाला, ‘बघ, मराठीत तरी स्टारबक पुरुषच आहे.’

वर्गणी परत नको. जुनी मालिका तिच्या मूळ चौकटीत दाखवा, लघुमालिका आणा, ‘१९८०’ वेगळी काढा, शेवटच्या दृश्यावरची पाटी आणि शीर्षक वगळण्याची सक्ती काढा, आणि सबटायटल्स मराठी येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. हे सगळे एकदम जमणार नसेल तर क्रम मी लावून देते: आधी ‘आलो’चे ‘आले’ करा. दादाचा अजून चौथाच भाग चालू आहे.

आपली,
एक वर्गणीदार

सोबत: १) सबटायटल्समधील चुकांची यादी, भाग व वेळेसह. २) कापलेल्या दृश्यांचे टीव्हीवरून काढलेले १२ फोटो. मफिट त्यांपैकी एकाही फोटोत नाही. तो ज्यांत असायला हवा होता, तेच हे फोटो आहेत.