वाचक म्हणून जा

सातारा

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, इथे टोरांटोच्या लायब्ररीच्या ऑनलाइन बुक क्लबमध्ये नाव दिलंय, पण जाऊ की नको ते ठरत नाहीये." तेवढ्यात बाबांनी फोन घेतला, तुझ्या गाडीच्या विम्याचं बोलणं निघालं आणि तो विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. या एका विषयात मला तुला सांगण्यासारखं बरंच आहे. माझी सगळी नोकरी वाचनालयाच्या देवघेव टेबलामागे झाली आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारचा वाचक कट्टा मी निवृत्त होईपर्यंत चालवला. म्हणून हे पत्र.

न जाण्याची दोन कारणं तू सांगितलीस. पुस्तक वाचून झालेलं नाही आणि तिथल्या लोकांसारखं इंग्रजी येत नाही. तिसरं तू जाता जाता बोललास, "त्यात पुस्तक नेमकं आपल्याकडचं आहे, सगळे माझ्याकडेच बघणार." मला वाटतं खरं कारण हे तिसरं आहे. आधी पहिली दोन उरकते.

तुमचं पुस्तक, रोहिंटन मिस्त्रींची आणीबाणीवरची कादंबरी "अ फाइन बॅलन्स", सहाशे पानांचं आहे. महिन्याभरात नोकरी सांभाळून ते सगळ्यांचं वाचून झालं असेल असं तुला का वाटतं? कट्ट्याला येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं पुस्तक अर्धवट असायचं आणि तरी ते यायचे, म्हणून तर कट्टा चालला. जिथवर वाचलंयस तिथवरचं मन लावून वाच आणि सुरुवातीलाच सांगून टाक की मी अमुक प्रकरणापर्यंत आलोय. फक्त एक पक्कं लक्षात ठेव. असे क्लब शेवटाबद्दल मोकळेपणाने बोलतात. तुझ्यासाठी ते थांबणार नाहीत आणि त्यांनी थांबावं अशी अपेक्षाही धरू नकोस. शेवट आधी कळल्याने बिघडेल असलं ते पुस्तकच नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा तू इंग्रजीतच करतोस. पुस्तकावर बोलताना घाबरायला होतं याचं कारण वेगळं आहे. ऑफिसात कामाबद्दल बोलायचं असतं आणि इथे स्वतःला काय वाटलं ते. ते मराठीत तरी आपण कुठे सहज बोलतो? म्हणून एक कर. आदल्या दिवशी दोन-तीन वाक्यं मराठीत लिहून काढ, अगदी आपल्या बोलीत. मग त्यांचं इंग्रजी कर. मराठीत विचार पक्का झाला असेल तर इंग्रजी साधं असलं तरी चालतं. विचारच पक्का नसेल तर कितीही सफाईदार इंग्रजी बोललास तरी ऐकणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही. मी हे भल्याभल्या वक्त्यांच्या बाबतीत पाहिलंय.

आमच्या कट्ट्यावर एसटीतले एक कंडक्टर यायचे. ड्यूटीवरून थेट, गणवेशातच, मागच्या बाकावर बसायचे. बरेच महिने काही बोलले नाहीत. एकदा एका ग्रामीण कादंबरीवर चर्चा चालली होती. दोन प्राध्यापक शैली, निवेदन, प्रादेशिकता असं बोलत होते आणि बाकीचे घड्याळाकडे बघत होते. तेव्हा ते कंडक्टर मागून म्हणाले, "हा माणूस एवढा जीव टाकतो घरासाठी, मग परत का जात नाही? गाडी तर रोज आहे." प्राध्यापकसुद्धा थांबले. पुढचा तासभर सगळे त्या एकाच प्रश्नावर बोलत राहिले. वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी माणसं जिन्यात उभं राहून बोलतच होती. त्या दिवसापासून नव्या माणसाला मी एवढंच सांगत आले की मत आणलं नाही तरी चालेल, पुस्तक वाचताना मनात आलेला एक खरा प्रश्न आण. तूही तसाच प्रश्न घेऊन जा.

ऑनलाइनचं थोडं वेगळं आहे, ते लॉकडाऊनमध्ये कट्टा मोबाइलवर आणला तेव्हा आम्हीही शिकलो. समोरासमोर असताना माणूस श्वास घेतो त्यावरून कळतं की याला बोलायचंय. पडद्यावर ते कळत नाही. त्यामुळे लाजणारा माणूस वाट बघतच बसतो आणि बोलघेवडा बोलत राहतो. तू हात वर करायचं बटण आधीच शोधून ठेव आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत काहीतरी बोल, अगदी एक वाक्य का होईना. एकदा आवाज फुटला की पुढे जड जात नाही. सुरुवात लांबली की जीभ टाळ्याला चिकटते. हेडफोन लाव. दिवा पाठीमागे नको, समोर हवा. आणि कॅमेरा सुरू ठेव. बोलणाऱ्याला मान डोलावणारं एक माणूस दिसलं की फार आधार वाटतो. तो आधार तू पहिल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला देऊ शकतोस.

आणखी एक. तू ते लिबीवर, म्हणजे लायब्ररीच्या ई-बुकच्या ॲपवर वाचतोयस, त्यामुळे पानांचे आकडे सांगू नकोस. अक्षर लहान-मोठं केलं की ई-बुकची पानं बदलतात. छापील पुस्तक घेऊन बसलेल्यांना तुझं पान सापडायचं नाही आणि सगळे पानं उलटण्यात वेळ घालवतील. प्रकरणाचं नाव आणि प्रसंग सांग.

आता तिसरं कारण. हेच मला मुळात लिहायचं होतं.

तुला भीती आहे की ते विचारतील, "तुमच्याकडे खरंच असं असतं का?" विचारतील. प्रेमाने विचारतील, अज्ञानाने विचारतील, कुणी एखादा खोचकपणेही विचारेल. तेव्हा तू दोन गोष्टी करशील अशी मला काळजी वाटते, कारण लहानपणापासून तू असाच आहेस. एक तर घराची बाजू सावरायला जाशील: नाही, आता तसं राहिलं नाही, हे जुनं आहे, लेखकाने वाढवून लिहिलंय. नाहीतर उलट, त्यांना बरं वाटावं म्हणून सगळ्याला हो म्हणशील. दोन्ही करू नकोस. एका देशाची जबाबदारी खांद्यावर घेऊन पुस्तक वाचता येत नाही. या पुस्तकावर हा वाद पूर्वीही झालाय. जर्मेन ग्रीअर या नामवंत लेखिकेने यातला भारत आपल्याला ओळखीचा वाटत नाही म्हणून दूरचित्रवाणीवर टीका केली होती. त्या काही महिने मुंबईत शिकवून गेल्या होत्या. रोहिंटन मिस्त्री मुंबईतच जन्मले आणि वाढले. पण मिस्त्रींनाही सबंध भारत सांगायचा नव्हता. त्यांनी चार माणसं सांगितली: दीना दलाल, ईश्वर, ओम आणि माणेक. शहराचं तर त्यांनी नावसुद्धा घेतलेलं नाही. तू मुंबई ओळखलीस कारण तुझी ती ओळखीची आहे. टोरांटोतल्या एखाद्या बाईला त्यात तिचं सोडून आलेलं शहर दिसेल. तिला ते दिसू दे.

आणि हे तुला माहीत नसेल. मिस्त्री 1975 मध्ये मुंबई सोडून कॅनडात आले, म्हणजे कादंबरी ज्या वर्षी सुरू होते त्याच वर्षी. तिथे टोरांटोत बँकेत नोकरी केली आणि नोकरी करता करता युनिव्हर्सिटी ऑफ टोरांटोत शिकले. त्यांनी स्वतः आणीबाणी पाहिली ती दुरून. 1995 मध्ये हे पुस्तक आलं आणि त्याला कॅनडातला गिलर हा साहित्य पुरस्कार मिळाला. म्हणजे ते पुस्तक तुझ्या शहरातलंही आहे. त्यावर बोलायला तुला कुणाची परवानगी नको आणि इथून कुणाचं मुखत्यारपत्रही नको.

पण तुझ्याकडे घरातली एक गोष्ट आहे, जी त्या पडद्यावर दुसऱ्या कुणाकडे नसेल. ती तुला आजवर कुणी सांगितलेली नाही.

आणीबाणी लागली तेव्हा आम्ही कराडला होतो आणि मी प्राथमिक शाळेत होते. 1975 चं साहित्य संमेलन कराडलाच झालं, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या. तुझे आजोबा मांडवात होते. यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष आणि केंद्रात मंत्री, आणि त्यांच्यासमोर दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायला सांगितलं. हे आजोबा आम्हाला पुष्कळदा सांगायचे, अभिमानाने. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली, तीही मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून. ग्रंथपालनाच्या वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी अस्वस्थ झाले होते, आणि आजही ग्रंथालयाच्या दारातून आत जाताना कधीकधी ते आठवतं.

जे आजोबा सांगायचे नाहीत ते असं. आजोबा शिक्षक होते आणि शिक्षकांना तेव्हा नसबंदीच्या "केसेस" आणायला सांगत. अमुक इतक्या आणा, नाहीतर पगार अडकेल. शाळा सुटली की ते सायकल काढून वाड्यांवर जायचे. ज्या घरांत मास्तर आले म्हटल्यावर गूळ-शेंगा पुढे यायच्या, त्या घरांतली माणसं सायकल लांबून दिसली की शेताकडे निघून जायची. पगार काही महिने थांबला. मग तो सुरू झाला, म्हणजे कुणाचं तरी नाव त्यांनी दिलं असणार. कुणाचं ते त्यांनी आजीलाही सांगितलं नाही. मला हे आजीने सांगितलं, ते गेल्यानंतर. त्यांनी त्या वाड्यांवर जाणं नंतर सोडूनच दिलं होतं. यात्रेलासुद्धा जायचे नाहीत.

त्या 1976-77 या एका वर्षात देशभर 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. ठरवलेल्या उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट. आणीबाणीच्या चौकशीसाठी नेमलेल्या शहा आयोगाच्या अहवालात हे आकडे आहेत. आपल्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पुस्तकात तू त्या शिबिरांच्या भागापर्यंत पोचला नसशील. कुणाचं काय होतं ते मी सांगत नाही. पण तो भाग वाचताना मला सारखं वाटत राहिलं की ज्यांना पकडून नेलं गेलं त्यांची बाजू मिस्त्रींनी लिहिली, आणि आपल्या घरात दुसऱ्या बाजूचा माणूस होता. क्रूर नव्हता. पगारावर पाच माणसं जगवणारा, मुलांना मनापासून शिकवणारा, आणि तरी त्याने नाव दिलं. अशा माणसाकडे पुस्तक कसं बघतं, की बघतच नाही, हा माझा त्या पुस्तकाला प्रश्न आहे. मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

हे तिथे सांगायचं की नाही ते तू ठरव. पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे असं मुळीच नाही. सांगितलंस तर "आमच्या देशात असं झालं" असं सुरू करू नकोस. "माझ्या आजोबांचं असं झालं" असं म्हण. देशाबद्दल बोललास की समोरचे मान डोलावतात आणि पुढच्या मुद्द्याकडे जातात. आजोबांबद्दल बोललास तर ते थांबतील, आणि कदाचित त्यांच्यापैकी कुणीतरी स्वतःच्या आजोबांबद्दल बोलेल. तुमच्या शहरात जगभरातून आलेली माणसं आहेत. सरकारी उद्दिष्ट पुरं करायला भाग पाडलेला माणूस काही फक्त आपल्याच घरात झाला नसेल. आणि नाही सांगितलंस, नुसता ऐकत बसलास, तरी वाचकाचं काम झालं असं मी समजेन.

दीना उरल्यासुरल्या तुकड्यांची गोधडी शिवते, त्याबद्दल लोक हमखास बोलतील. सगळ्या क्लबांत त्यावर बोललं जात असेल, आणि बोलण्यासारखं आहेच. पण तू जमलं तर शिलाईच्या कामाबद्दल बोल: किती कपडे, किती दिवसांत, कुणाकडून काम मिळतं, भाडं कसं भागतं. या पुस्तकात कुणाकडे किती पैसे आहेत हे नेहमी कळतं आणि ते मला फार आवडलं. तुझी आत्या घरी फॉल-पिको करायची ते तू पाहिलंयस, तुला ते जास्त कळेल.

आता लायब्ररीबद्दल थोडं, कारण तू वैतागून म्हणालास की ई-बुक असून रांग कसली. रांग असते. ग्रंथालयाला डिजिटल प्रतसुद्धा साधारणपणे एका वेळी एकालाच देता येते, छापील प्रतीसारखीच. बरेच मोठे प्रकाशक तर परवाना दोन वर्षांपुरताच देतात. मुदत संपली की ग्रंथालयाने पुन्हा पैसे मोजायचे. आमच्याकडे बांधणी करून एक कादंबरी पंचवीस वर्षं चालायची, त्यामुळे मला हे पटत नाही, पण तिथल्या ग्रंथपालांच्या हातात ते नाही. ते लोक शंभर शाखा चालवतात आणि शहरातल्या रहिवाशाला कार्ड फुकट देतात. आपल्याकडे 1967 चा ग्रंथालय कायदा असूनही बहुतेक वाचनालयं अनुदानाची वाट बघत आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतात. म्हणून सांगते, त्या सोयीचा मान ठेव. तुझं वाचून झालं की एकवीस दिवस पुरे होण्याची वाट बघू नकोस, लगेच परत कर. तुझ्या मागे कुणीतरी थांबलेलं आहे. आणि चर्चा घेणारी व्यक्ती ग्रंथपाल असेल तर शेवटी तिचे आभार मान. हे काम नेहमीच्या कामाचे तास संपल्यावर होतं, निदान आमच्याकडे तरी व्हायचं.

तुमची बैठक संध्याकाळी सातला, म्हणजे आमचे पहाटेचे साडेचार. संपल्या संपल्या फोन करू नकोस, बाबांची झोप मोडते. मला मेसेज टाक, कुणी काय प्रश्न विचारला तेवढा तरी लिही. पुढच्या महिन्याचं पुस्तक त्याच बैठकीत जाहीर करतील, ते ऐकल्या ऐकल्या लगेच रांगेत नाव लाव आणि मलाही कळव. इथे मिळालं तर मी आणते.

तुझी,
आई