पॉवर स्टेशन घेताना खोक्यावरचा कोणता आकडा वाचायचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की पवनेच्या काठावर, भंडारदऱ्याला, काशीद-दिवेआगरच्या किनाऱ्यावर तंबू पडू लागतात आणि त्याच सुमारास पोर्टेबल पॉवर स्टेशनच्या, म्हणजे सॉकेट असलेल्या, उचलून नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या जाहिरातींनाही बहर येतो. 'ऐंशी हजार एमएएच', '६०० वॅट', 'घरासारखी वीज' अशी ठळक अक्षरे वाचून लोक खरेदी करतात आणि पहिल्याच मुक्कामी मध्यरात्री यंत्र बंद पडते. यंत्र बहुतेक वेळा सदोष नसते. खरेदी चुकीचा आकडा वाचून झालेली असते. म्हणून हे पत्र.

वाचायचा आकडा एकच, आणि तो बहुधा खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो: वॅट-तास, म्हणजे यंत्रात साठणारी एकूण वीज. महावितरणच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. त्या हिशेबाने २५६ वॅट-तासांच्या पॉवर स्टेशनमध्ये जेमतेम पाव युनिट वीज असते. एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) आकडा कितीही मोठा दिसला तरी व्होल्ट माहीत नसतील तर त्याला अर्थ नाही. एमएएचला १००० ने भागून सेलच्या व्होल्टने गुणले की वॅट-तास मिळतात. ऐंशी हजार एमएएचचे सेल ३.२ व्होल्टचे असतील तर उत्तर २५६ येते, ३.६ चे असतील तर २८८. आणि '६०० वॅट' हा आकडा साठ्याचा नाहीच. एका वेळी विजेचे किती ओझे, म्हणजे एकूण किती वॅटची उपकरणे, उचलता येईल, एवढेच तो सांगतो. किती तास उचलता येईल, हे त्यात नसते. विक्रेत्यांनी आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांनी या यंत्राविषयी लिहिताना वॅट-तास सर्वांत आधी छापावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

छापलेले सगळे वॅट-तास हातात पडतही नाहीत. बॅटरीतल्या डीसी विजेचे २३० व्होल्टच्या एसीमध्ये, म्हणजे घरातल्या सॉकेटसारख्या विजेत, रूपांतर करताना १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते. त्याहून मोठी गळती मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही. एसीचे बटण दाबले, हिरवा दिवा लागला, की सॉकेटला काही लावलेले नसले तरी हे रूपांतर करणारा आतला इन्व्हर्टर स्वतःसाठी ८ ते १५ वॅट खात राहतो. बऱ्याच यंत्रांच्या पडद्यावर तेव्हाही 'आउटपुट ० वॅट' असेच दिसते, म्हणून संशय येत नाही. रात्री दहाला एसी चालू ठेवून झोपलात आणि सकाळी सहाला उठलात, तर १२ वॅटच्या हिशेबाने ९६ वॅट-तास गेले. चार मोबाइल पूर्ण भरले असते एवढी वीज! पाव युनिटच्या यंत्रातून एवढे गेल्यावर उरते काय? यावर उपाय सोपा आहे. मोबाइल टाइप-सी किंवा यूएसबी सॉकेटवर लावा, दिवे आणि पंखा १२ व्होल्टवर चालणारे घ्या आणि एसीचे बटण गरजेपुरतेच दाबा.

आता मुक्कामाचा हिशेब मांडू. ५००० एमएएचच्या मोबाइलमध्ये साधारण १९ वॅट-तास मावतात. तो भरताना २५ धरावेत. चार जणांचे १०० झाले. ८ वॅटची एलईडी पट्टी पाच तास लावली तर ४०. कॅमेऱ्याच्या बॅटरीला १५. डिसेंबरातल्या एका रात्रीला १५५ पुरतात. मार्च-एप्रिलमध्ये १५ वॅटचा छोटा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा आठ तास चालवला की त्यात १२० ची भर पडून २७५ होतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला थंडीत दोन रात्रींना ४०० ते ५०० वॅट-तासांचे यंत्र पुरून उरते आणि उन्हाळ्यात ६०० ते ७०० चे लागते. घरातला नेहमीचा ५० वॅटचा टेबल फॅन नेणार असाल तर हा हिशेब सपशेल कोलमडतो, कारण तो एकटाच रात्रभरात ४०० खातो.

झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यायला हवी. हवा दमट करणारा हीटर बंद असेल तर बहुतेक सीपॅप ३० ते ६० वॅट घेतात. हीटर चालू केला की खप झपाट्याने वाढतो. हीटर बंद ठेवून चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. सीपॅपच्या कंपनीचाच डीसी कन्व्हर्टर (पॉवर स्टेशनच्या डीसी सॉकेटवर थेट चालवणारा जोड) घ्या, म्हणजे इन्व्हर्टरची गळती वाचते. आणखी एक धोका आहे. पुष्कळ पॉवर स्टेशनमध्ये वीज वाचवण्याची 'इको' सोय असते. ओझे फार कमी आहे असे वाटले की ती सॉकेट आपोआप बंद करते. रात्री ही 'इको' सोय बंद करून ठेवलीच पाहिजे. सगळी जोडणी घरी एक पूर्ण रात्र चालवून पाहिल्याशिवाय बाहेर नेऊ नका.

स्वयंपाकाचे ओझे या यंत्रावर टाकू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ९३ वॅट-तास लागतात. किटलीतली आणि इन्व्हर्टरमधली घट धरली की सव्वाशे. दोनदा चहा झाला की पाव युनिटचे यंत्र रिकामे. शिवाय किटली किंवा इंडक्शन १२०० ते २००० वॅटचे असते, त्यामुळे ६०० वॅटचे यंत्र लगेच ट्रिप होते. काही यंत्रांत व्होल्टेज खाली आणून मोठी किटली चालवून दाखवण्याची करामत असते. तापणाऱ्या तारेला ती चालते, मिक्सरसारख्या मोटरला मुळीच नाही. मोटर घुमते, तापते आणि जळू शकते. मिक्सर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतो, तेही ध्यानात ठेवावे. कॅम्पवर चहाला गॅसची शेगडीच बरी. मात्र ती तंबूच्या बाहेर, उघड्यावर ठेवावी, कारण बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासही येत नाही.

बॅटरी कोणत्या जातीची आहे, हे विचारून घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, वजनाला थोडी जड असते, पण दोन-तीन हजार वेळा भरून-रिकामी केली तरी बऱ्यापैकी टिकते आणि उष्णतेला लवकर बिथरत नाही. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची लिथियम बॅटरी, हलकी असते. तिचे आयुष्य साधारण पाचशे ते हजार वेळांचे. गाडीतून नेणाऱ्याने दोन-तीन किलो वजनाकडे पाहू नये, एलएफपीच घ्यावी. ५०० वॅट-तासांचे यंत्र सहा-सात किलोचे आणि एका युनिटचे बारा-चौदा किलोचे भरते. हरिश्चंद्रगडावर पाठीवरून नेण्याची ही वस्तू नव्हे. तिथे २०,००० एमएएचची पॉवर बँक, म्हणजे ७४ वॅट-तास, दोन दिवस पुरते. एसीच्या लाटेबद्दल खोक्यावर 'प्युअर साइन वेव्ह', म्हणजे घरातल्या विजेसारखी सलग लाट, असे लिहिलेले असावे. 'मॉडिफाइड' असेल तर पंखा गुणगुणतो, काही चार्जर तापतात आणि वैद्यकीय उपकरणे नीट चालतीलच असे नाही.

लेह-लडाखला विमानाने जाणाऱ्यांनी हे यंत्र सोबत न्यायचा विचार सोडून द्यावा. प्रवासी विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने आणि १६० च्या पुढे अजिबात नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवण्याचा बेतही याच नियमावर अडतो. आणि जहाजाने आणले तरी तिकडच्या यंत्राचे एसी सॉकेट १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे, आपले २३० आणि ५० चे. गाडीने लेह किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी तापमान सांभाळावे. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी भरायची नसते. आत धातूचा थर बसून क्षमता कायमची घटते. चांगले यंत्र अशा वेळी चार्जिंग नाकारते, स्वस्तातले नाकारेलच असे नाही. रात्री यंत्र तंबूत ठेवा आणि सकाळी त्याचा गारठा पुरता उतरल्याशिवाय, म्हणजे ते उबदार झाल्याशिवाय, सोलरला जोडू नका.

सोलर पॅनलबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. १०० वॅट हा आकडा प्रयोगशाळेतला, सेल २५ अंशांवर असतानाचा. आपल्या उन्हात सेल ५५-६० अंशांपर्यंत तापतात आणि तेवढ्यानेच दहा-बारा टक्के वीज घटते. भर दुपारी ६५ ते ७५ वॅट मिळाले तर पॅनल चांगले समजावे. पॅनल तंबूवर पसरून ठेवणे चूक. डिसेंबरात पुणे-नाशिकच्या पट्ट्यात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणून पॅनल दक्षिणेकडे तोंड करून जमिनीपासून चाळीस-पंचेचाळीस अंश उभे करावे आणि दिवसातून दोन-तीनदा उन्हाकडे वळवावे. तसे केले तर दिवसाकाठी ३०० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. एखाद्या फांदीची सावली एकाच कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन निम्म्यावर येऊ शकते, कारण सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. दोन पॅनल जोडताना व्होल्ट आधी बघा. '१२ व्होल्ट'चे म्हणून मिळणारे पॅनल मोकळे, म्हणजे कशालाही न जोडलेले, असताना २१-२२ व्होल्ट देते. अशी दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडली की ४४ होतात. यंत्राच्या इनपुटची मर्यादा २८ किंवा ३० असेल तर आतले सर्किट जळू शकते आणि वॉरंटीही मिळत नाही. अशा यंत्राला दोन पॅनल पॅरललमध्येच, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडावीत. यंत्र स्वतः मात्र सावलीत हवे. पॅनलशेजारी उन्हात ठेवलेले यंत्र तापून चार्जिंग थांबवते आणि मालक पॅनलला दोष देत बसतो.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून साधारण १०० वॅट मिळतात. चार तासांच्या प्रवासात साडेतीनशे-चारशे वॅट-तास भरून होतात. भंडारदऱ्याला पोहोचेपर्यंतच निम्म्याहून जास्त काम झालेले असते आणि बऱ्याच कुटुंबांना पॅनलची गरजच उरत नाही. इंजिन बंद करताच वायर काढा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही सॉकेट चालू राहते. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांत झोपते आणि सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येते. मुक्कामाच्या गावात एखाद्या घरी यंत्र भरायला लावले तर जलद चार्जिंग बंद करा. हजार-दीड हजार वॅटचा ओढा ६ अँपिअरच्या जुन्या सॉकेटला झेपत नाही; पिन सैल असेल तर प्लास्टिक वितळते. दुसऱ्याच्या घरातले वायरिंग आपण जाळू नये.

ही यंत्रे पाण्यासाठी बनलेली नसतात. बहुतेकांच्या बाजूला पंख्याच्या जाळ्या असतात आणि त्यांतून दव व किनाऱ्यावरची बारीक वाळू सरळ आत ओढली जाते. यंत्र पाटावर किंवा उलट्या क्रेटवर ठेवा, चारही बाजूंना वीतभर जागा सोडा आणि चालू असताना प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. ओल्या गवतावरून स्वस्त एक्स्टेंशन ओढणे तर फारच वाईट. घरात विजेची गळती झाली की ईएलसीबी हा वीज तोडणारा स्विच पडतो, तशी सोय इथे असेलच असे नाही. मे महिन्यात बंद गाडीत यंत्र ठेवून जाऊ नये.

खरेदीच्या वेळी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेखाली 'आर' अक्षर आणि त्यापुढे आठ आकडे आहेत का ते पाहा आणि तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर ताडून घ्या. लिथियम बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. यंत्र घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी बल्बची चाचणी करा. यंत्र पूर्ण भरा, होल्डरमध्ये साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि वेळ मोजा. बल्ब तापतो, तो खिडकीच्या पडद्यापासून लांब ठेवा. ५०० वॅट-तासांच्या यंत्रावर तो सव्वाचार तासांच्या आसपास जळायला हवा. साडेतीन तासांच्या आत विझला तर यंत्राच्या पडद्याचे फोटो काढून ते परत करा. ही चाचणी एलईडीवर करू नये; ओझे इतके कमी असते की इन्व्हर्टरचा स्वतःचा खपच हिशेब बिघडवतो.

हंगाम संपल्यावर यंत्र पन्नास-साठ टक्के भरून, कोरड्या जागी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तपासा. शून्यावर ठेवलेले यंत्र पावसाळ्यानंतर पुष्कळदा सुरूच होत नाही. कवच फुगलेले दिसले किंवा गोडसर, रसायनासारखा वास आला तर ते पुन्हा चार्जिंगला लावू नका, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि विक्रेत्याला कळवा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. भंगारवाल्याकडे ती हातोड्याने फोडली जाते आणि तिथेच पेट घेऊ शकते.

आपले,
शिबिरांची वीजव्यवस्था सांभाळणारे काही वाचक, पुणे