बाबांच्या रिपोर्टमधला 'ट्रेस'

प्रिय आई-बाबा,

रिपोर्टचा फोटो मिळाला. बाबा, तुम्ही 'ट्रेस'भोवती लाल पेनने गोल काढून पुढे प्रश्नचिन्हं टाकलीयेत, फोनवर तुम्ही मधेच आईकडे देता म्हणून लिहूनच पाठवतेय.

लघवीत प्रोटीन 'ट्रेस' म्हणजे तपासणीच्या पट्टीचा रंग जेमतेम बदलला. 'निल'च्या पुढे, '१+'च्या अलीकडे. १+ म्हणजे साधारण १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम, तुमचं त्याच्याही खाली. ताप असला, पाणी कमी झालं, खूप दमलं तरी येतं असं, आणि तुम्ही तर पर्वती चढून-उतरून घामाघूम तसेच लॅबमध्ये गेलात (कोणी सांगितलं होतं??). पण शुगर आहे म्हणून सोडूनही द्यायचं नाही. सकाळच्या पहिल्या लघवीचं सँपल देऊन परत करा आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करायचा का ते डॉक्टरांना विचारा (अल्ब्युमिन हे एक प्रोटीनच), तो ३० मिलिग्रॅम/ग्रॅमच्या आत असला की ठीक धरतात. ३० ते ३०० ला 'मायक्रोअल्ब्युमिन' म्हणतात, म्हणजे थोडंसंच अल्ब्युमिन, जंतू-बिंतू नाही.

'एपिथेलियल सेल्स ऑकेजनल' म्हणजे आतल्या अस्तराची पेशी मायक्रोस्कोपखाली एखाददुसरी दिसली. पस सेल्स (पांढऱ्या पेशी) २-३ पण चालतात, पू झालाय असं गच्चीवर कोणाला सांगत बसू नका प्लीज.

आई, आता तुझं. तुझ्या थायरॉईडच्या गोळीवर ५० एमसीजी आहे, म्हणजे मायक्रोग्रॅम. १ मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम. चमचाभर साखर ५ ग्रॅम धरली तर तेवढ्या वजनात तुझे १ लाख डोस बसतील, इतकं ते कमी असतं आणि तरी तेवढ्यावरच सगळं चालतं, म्हणून 'एवढीशी तर गोळी, राहिली एक दिवस तर काय होतंय' हे बंद कर. उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा निदान अर्ध्या तासाने. हो, बाबांनी आयता करून दिला तरी!

आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मायक्रोची खूण कधीकधी 'एम'सारखी दिसते, त्यामुळे केमिस्टने वेगळं पाकीट दिलं तर आधीच्या स्ट्रिपशी आकडा आणि एमसीजी दोन्ही ताडून बघ, नाहीतर मला फोटो टाक. मी शुक्रवारी डेक्कन क्वीनने येतेय, शनिवारी बाबांचं सँपल मीच नेऊन देईन. त्या दिवशी पर्वतीला सुट्टी.

तुमची,
मनू