नाट्यपदाचं चित्रीकरण: मंदारला पत्र

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

मालिकेत तिन्ही नाट्यपदं अख्खी घ्यायची ठरवलीस, अंतरे कापले नाहीस, याचा मनापासून आनंद झाला. आता ती लाइव्ह (सेटवर गातानाच मुद्रित करून) घ्यावीत की प्लेबॅकवर (आधी मुद्रित केलेला आवाज वाजवून), असं विचारतोस. माझं मत दोन्ही, पण जागा बघून.

'अयोध्येचा राजा' (१९३२) आला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर गात आणि तेच मुद्रित होई. आज तसं अख्खं पद घ्यायचं म्हटलं तर लय आडवी येते. दोन टेकची लय कधीच तंतोतंत जुळत नाही. पहिल्या टेकचा लाँग आणि तिसऱ्याचा क्लोज-अप जोडलास की ठेका अडखळलाच. म्हणून ठेक्यात बांधलेलं सगळं प्लेबॅकवर घे. पदाआधीचा आलाप मात्र लाइव्ह. नटाच्या कानात लपवलेल्या इअरपीसमधून नुसता तंबोरा सोड, बूम (दांड्यावरचा माइक) डोक्यावर आणि लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) अंगरख्याच्या आत. ठेका नसल्यामुळे विराम मिळेल तिथे कापता येतं आणि श्वासही खरा दिसतो. फक्त तंबोऱ्याचा ट्रॅक दोन्हीकडे एकच ठेव, नाहीतर आलापातून मुखड्यावर (पदाच्या पहिल्या ओळीवर) येताना षड्ज (सा) हललेला कुणाच्याही कानाला कळेल.

हे नट स्वतः गाणारा असेल तर. 'कट्यार काळजात घुसली' चित्रपटात (२०१५) शंकर महादेवन स्वतःच गायले, पण खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगांवकरांना आवाज राहुल देशपांडेंचा होता. तुझ्याकडे तसं असेल तर आलापही प्लेबॅकवरच घे आणि मुद्रणाच्या वेळी गायकाचा जबडा व गळा जवळून फोनवर टिपून ठेव. तानेत ओठ फारसे हलत नाहीत, काम जबड्याचं आणि पोटाचं असतं. नटाला ते बघून बसवू दे. आणि सेटवर त्याला खुल्या आवाजात गायला लाव, बेसूर झाला तरी चालेल. नुसते ओठ हलवणाऱ्याच्या मानेची शीर फुगत नाही आणि क्लोज-अपमध्ये तेवढ्यानेच सोंग उघडं पडतं.

आता आकडे. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर, शटर १/५० सेकंद, म्हणजे आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर दिवे लुकलुकणार नाहीत. स्वस्त एलईडी तरीही त्रास देतात, आदल्या दिवशी तपास. प्लेबॅकची फाइल (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, त्या मापाने) ४८ किलोहर्ट्‌झचीच माग. ४४.१ची फाइल कुठे ४८ समजून वाजली तर काळी एकचं पद पांढरी दोनच्याही (पेटीवरच्या पुढच्या पट्टीच्याही) वर चढतं. कुणी २४ फ्रेमचा आग्रह धरला तर नेमके २४ की २३.९७६ हे आधी लिहून घे. या घोळात चार मिनिटांच्या पदाअखेर ओठ आणि आवाज पाव सेकंदाने फाकतात.

पदाआधी चार मात्रांचे टोल घाल, नटाला लय मिळते. स्पीकर त्याच्या जवळ, चौकटीच्या जरा बाहेर ठेव. चौदा मीटर लांब ठेवलास तर आवाज पोचायलाच एक फ्रेम जाते. क्लॅपवर टाइमकोड (वेळेचे चालू आकडे) प्लेबॅकचा दिसू दे, संकलक दुवा देईल.

आधी एक अखंड मास्टर (पूर्ण पदाचा सलग शॉट), मग क्लोज-अप. संकलकाला एवढं सांग की तानेच्या मध्ये कट नको आणि प्रत्येक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) तर नकोच नको. मुखडा उचलताना कट दे, म्हणजे सम नटाच्या चेहऱ्यावर पडेल.

ऑर्गनवर खरा वादकच बसव. भाता मारणारे पाय आणि पट्ट्यांवरची बोटं खोटी असली की जाणकार प्रेक्षक तिथेच उठतो. त्याला तोच ट्रॅक आठवडाभर आधी दे.

पदांच्या पट्ट्या ठरल्या की कळव, आधी तंबोऱ्याचं बघू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद