वेधशाळेतल्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरचा आमचा शोधनिबंध छापून आला. त्यातल्या आभारांत 'वेधशाळेतील कर्मचारी' एवढंच मावलं, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहितेय.

अवकाश शास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना रॉकेट आठवतं. मी दिवसभर आकड्यांच्या रांगा बघत बसते. पृथ्वीच्या पोटात 2,900 किलोमीटरखाली वितळलेलं लोखंड घुसळतं आणि त्यापायी वरचं चुंबकीय क्षेत्र वर्षाला वीस-पन्नास नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला म्हणजे हे क्षेत्र मोजायचं एकक), कुठे त्याहून अधिक, सरकतं. सौर वादळाची गोष्ट वेगळी. मे 2024 मध्ये, अशा वादळात पृथ्वीचं क्षेत्र किती दबलं हे सांगणारा डीएसटी निर्देशांक उणे 400 नॅनोटेस्लांच्या आसपास उतरला, ते कुणालाही दिसलं. डोकं खातो तो संथ बदल, कारण क्षेत्राची सतत नोंद घेणारं फ्लक्सगेट यंत्रही तितक्याच संथपणे भरकटतं. तापमान बदललं, यंत्राखालचा खांब किंचित कलला, की आकडे हलले. त्यातलं पृथ्वीचं किती आणि खांबाचं किती, हे यंत्राला कळत नाही. ते तुमच्या हाताने घेतलेल्या मोजणीतूनच कळतं.

किल्ल्या, घड्याळ, पट्टा बाहेर ठेवून तुम्ही त्या बिनलोखंडी खोलीत शिरायचात. थिओडोलाइटची, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राची, दुर्बीण आधी दूरच्या खुणेवर, मग तिच्यावरचा चुंबकीय सेन्सर शून्य दाखवेल तिथे. मग ती उलटी करून पुन्हा तेच. दिक्पातासाठी (चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती ढळली) चार स्थिती, नतीसाठी (क्षेत्र आडव्या पातळीशी किती झुकलं) चार. एकदाच मोजलं तर नाही का चालणार, असं मी विचारलं होतं. "मग यंत्राची खोट पृथ्वीच्या नावावर जाईल," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारे स्वार्म मोहिमेचे तीन उपग्रह 2013 पासून फिरताहेत, त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण उपग्रह एका जागेवर थांबत नाही. एकाच खांबावर वर्षानुवर्षं मोजत राहणं वेधशाळेलाच जमतं.

आणि तुमची ती वही! एका मालिकेत आकडे एकाएकी 4 नॅनोटेस्लांनी चढले आणि तिथेच राहिले. आमच्यात गाभ्यापासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळ्यावर वाद झाले. तुमच्या वहीत त्या तारखेसमोर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'शेजारच्या खोलीत लोखंडी कपाट आणले.' वाद तिथेच मिटला. काका, एवढं कोण लिहून ठेवतं?

वह्या आता स्कॅन केल्यात. समासातल्या तुमच्या काही खुणा मात्र आम्हाला अजून लागत नाहीत. सवडीने याल का? नव्या निरीक्षकालाही समोर बसवते.

आपली नम्र,
आकडेवाली