आईच्या गोळीबद्दल

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, शेजारच्या काकांना रक्त पातळ ठेवायची नवी गोळी आहे, रक्त तपासायला दर महिन्याला सुई टोचावी लागत नाही, मग तीच आईला का नको, असं तुम्ही विचारलंत. काकांचे ठोके अनियमित आहेत, त्यांना ती चालते. आईच्या हृदयातल्या मायट्रल आणि एओर्टिक या दोन्ही झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, कृत्रिम, यांत्रिक आहेत. अशा पेशंटना डाबिगाट्रान ही तशीच नवी गोळी देऊन पाहिली, तर गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. ती चाचणी मध्येच थांबवली, २०१३ मध्ये ते छापून आलं. तेव्हा आईची नेहमीची रक्त पातळ ठेवायची गोळी, एसिट्रॉमच, आणि कुणी कितीही सुचवलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल नाही.

आई, दादरच्या पुलाचा जिना तू न थांबता चढलीस हे ऐकून मला रडूच आलं. लहानपणी सांधे धरून आलेल्या त्या तापाने तुझे व्हॉल्व्ह इतकी वर्षं आतून खराब केले. दोन्ही एकदम बदलणं एकापेक्षा जोखमीचं, तेही तू निभावलंस. हे व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं टिकतात, सहसा झिजत नाहीत. पण त्यांच्यावर रक्त गोठू शकतं, आणि मायट्रलवर जास्त, कारण तिथे रक्त संथ वाहतं. म्हणून तुझा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा, २.५ ते ३.५ मध्ये हवा. खाली गेला की गुठळीची भीती, वर गेला की रक्तस्रावाची. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही गं. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा.

ऋषिपंचमीची भाजी खा, वाटीभर. अळू, माठ यांतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा असर कमी होतो, म्हणून उरली तरी तीन दिवस तीच नको. पालेभाजी बंदही करू नकोस, दर आठवड्याला साधारण तेवढीच असू दे. गुडघ्यासाठी बाबांची पेनकिलर अजिबात नको. दाढ काढायची झाली तर डेंटिस्टला व्हॉल्व्हचं आधी सांगा, अँटिबायोटिक लागेल.

बाबा, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकदम धाप लागली किंवा छातीतली व्हॉल्व्हची टिकटिक दबकी वाटली, तर माझ्या फोनची वाट न बघता टॅक्सी करून थेट इमर्जन्सीत न्या. काळी शी झाली तरीही.

लॅबवाला आला की रिपोर्टचा फोटो पाठवा. गणपतीला मी येतेच आहे.

तुमची,
मनू