अर्ली कॉलेज आणि ड्युअल क्रेडिट यांत गल्लत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील अर्ली कॉलेजवरचा, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजचे शिक्षण देणाऱ्या अमेरिकेतील शाळांवरचा लेख वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. लेखकाने टेक्सासचा दाखला दिला आहे आणि आम्ही अनेक वर्षे टेक्सासमध्येच, ऑस्टिनच्या जवळ राहतो. बारावी संपेपर्यंत कॉलेजचे साठ क्रेडिट (श्रेयांक), हाती दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि कॉलेजच्या दोन वर्षांच्या फीची बचत हे लेखातील चित्र अर्ली कॉलेज हायस्कूलपुरते खरे आहे. मात्र लेखाच्या मध्यापासून अर्ली कॉलेज आणि साध्या शाळांतून घेता येणारे ड्युअल क्रेडिटचे, म्हणजे शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे धरले जाणारे विषय ही एकच गोष्ट असल्यासारखे लिहिले गेले आहे. ही गल्लत मुलांना किती महागात पडते, हे मी आमच्याच घरी पाहिले आहे.

आमची मुलगी साध्या हायस्कूलमध्ये अकरावीत असताना तिने शाळेच्या आग्रहावरून जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) रसायनशास्त्राचा ड्युअल क्रेडिट विषय घेतला. पहिल्या परीक्षेनंतर ती मागे पडत गेली आणि संकोचामुळे तिने आम्हाला काही सांगितले नाही. शाळेच्या पोर्टलवर तिचे बाकीचे सारे गुण दिसत होते, पण या विषयाची जागा रिकामी होती, कारण ते गुण कॉलेजच्या दप्तरी होते. शंका आल्यावर आम्ही शाळेत गेलो, तेव्हा समुपदेशकांनी हा कॉलेजचा प्रश्न असल्याचे सांगून आम्हाला तिकडे पाठवले. कॉलेजात प्राध्यापकांनी अतिशय सभ्यपणे सांगितले की पालकांशी बोलण्याची त्यांना परवानगी नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा कायदा, ज्याला येथे सगळे फेर्पा म्हणतात, त्यानुसार मूल कॉलेजात शिकू लागले की कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो, मग ते मूल सोळा वर्षांचे का असेना. या दोन दारांमध्ये आमच्या खेपा चालू असतानाच विषय सोडण्याची अंतिम मुदत उलटून गेली आणि तिच्या नावावर 'डी', म्हणजे जेमतेम पास, असा शेरा लागला.

मला खरा संताप पुढच्या गोष्टीचा आहे. त्याच कायद्याप्रमाणे शाळा आणि कॉलेज अशा मुलांची माहिती एकमेकांना देऊ शकतात, आणि मूल अठरा वर्षांखालील असेल तर शाळा ती माहिती पालकांना सांगू शकते. म्हणजे वाट होती. कार्यक्रम राबवणाऱ्या शाळेत ती वाट कोणाला ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असूनही ते काम कोणाच्या गळ्यात नव्हते. आज मुलगी मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करते आहे. येथील मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे विषयसुद्धा लिहावे लागतात, आणि तोच विषय पुन्हा घेऊन 'ए' मिळवला तरी पहिला गुण पुसला जात नाही, दोन्ही मोजले जातात. सोळाव्या वर्षी ज्या नोंदीवर आपण सही करतो ती कायमची आहे, हे तिला किंवा आम्हाला कोणीही समोर बसवून सांगितले नव्हते. लेखकाने 'मुलांनी प्रयत्न करून पाहायला काय हरकत आहे' असे विचारले आहे. त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे.

याउलट अर्ली कॉलेज ही स्वतंत्र, लहान, बहुधा कॉलेजच्याच आवारात चालणारी शाळा असते. तेथे नववीपासून मुलांची तयारी करून घेतली जाते, शिकवण्या असतात, आणि कॉलेजच्या वर्गात मूल गडबडले की शाळेतील ठरलेल्या माणसाला ते कळते. 'अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च' या संस्थेने २०१३ मध्ये अशा दहा शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश सोडतीने झाले होते, त्यामुळे नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करता आली. हायस्कूल पूर्ण करणारे ८६ टक्के विरुद्ध ८१ टक्के निघाले, आणि अभ्यासाच्या काळात पदवी हाती आलेले २२ टक्के विरुद्ध २ टक्के. लेखात याच यशाचा आधार घेतला आहे. परंतु हे यश त्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे आहे, आणि ती व्यवस्था वगळून नुसते क्रेडिट वाटणाऱ्या शाळांना ते लागू करता येत नाही.

'ही योजना मुळात अतिहुशार मुलांसाठी' हे लेखातील विधानही चुकीचे आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात मिडल कॉलेज हायस्कूल सुरू झाले ते शाळा अर्धवट सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी, आणि २००२ पासून गेट्स फाउंडेशनच्या पैशातून देशभर जी अर्ली कॉलेजे निघाली ती गरीब घरांतील, कुटुंबात पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. आमच्या येथील मराठी कुटुंबांमध्ये मात्र किती क्रेडिट झाले याची चढाओढ लागलेली असते, आणि अशा लेखांनी तिला आणखी जोर चढतो. शिवाय मिळवलेले क्रेडिट टेक्सासच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठात जमा झाले तरी ते मुलाच्या पदवीच्या विषयांत धरले जाईलच असे नाही. इंजिनीअरिंगला कॅल्क्युलस आणि फिजिक्सची साखळी ठरलेली असते, त्यामुळे साठ क्रेडिट घेऊन आलेली मुलेही पुन्हा चार वर्षे शिकताना मी पाहते.

महाराष्ट्रात कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय अनेक ठिकाणी एकाच इमारतीत आहे, म्हणून तेथे हे उद्याच सुरू करता येईल, असे लेखकाने म्हटले आहे. नोंदी ठेवण्याची सोय आहे, हे मला मान्य आहे. विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये आली, २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शालेय शिक्षणही धरले आहे आणि वर्षाला ४० क्रेडिटचे गणितही ठरले आहे. परंतु अकरावी-बारावीची विज्ञान शाखेची मुले कॉलेजात फक्त नावाला आणि प्रत्यक्षात क्लासमध्ये असतात, म्हणून २०१८ मध्ये सरकारला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला होता. ज्या मुलाची हजेरीसुद्धा कोणी पाहत नाही, त्याच्या नावावर सोळाव्या वर्षी पदवीचे गुण चढवायचे असतील, तर ते घसरू लागल्यावर घरी फोन कोणी करायचा आणि विषय सोडण्याची मुदत त्याला कोणी सांगायची, हे आधी नेमून द्यावे लागेल. लेखकाने पुढच्या लेखात याबद्दल सविस्तर लिहावे, आणि वर दाखवलेली गल्लत आपण पुढील रविवारी दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
ऑस्टिनजवळ, टेक्सास